दोन ऊस एकदम घातले की चरक का अडतो?

आजचा विषय ऐकायला जड आहे: दबणाऱ्या वस्तू एकमेकींना टेकतात, घासतात, त्याचं गणित. पण कुरुंदवाडच्या पोरांना त्यासाठी प्रयोगशाळा नको. कृष्णा-पंचगंगेच्या काठचा हा सगळा ऊसपट्टा. कुठल्याही रसवंतीच्या चरकापाशी उभे राहा, बास.

एक ऊस घातला की सुरकन आत जातो. एकावर एक दोन घातले की रोलर नुसतेच फिरतात, ऊस तोंडाशी थरथरत राहतो. का?

ऊस पहिल्यांदा टेकतो तिथं रोलर दोन कामं करतो: दाबून त्याला मागं रेटतो आणि घासून आत ओढतो. कोण जिंकणार हे एका कोनावर ठरतं. रोलरच्या मध्यातून बघितलं तर टेकण्याची जागा सगळ्यात अरुंद फटीपासून किती अंश मागं आहे, तो कोन. घर्षणांक या कोनाच्या टॅनपेक्षा जास्त असेल तरच ऊस आपोआप आत जातो.

आकडे घालून बघू. रोलरचा व्यास २० सेंटीमीटर, फट अर्धा सेंटीमीटर धरा. ३ सेंटीमीटर जाड उसाला कोन येतो साधारण २९ अंश, म्हणजे घर्षणांक ०.५५ तरी हवा. दोन ऊस, जाडी ६: कोन ४३ अंशांच्या वर, घर्षणांक ०.९५! रसानं ओल्या लोखंडाकडून एवढी अपेक्षा म्हणजे जरा जास्तच झालं. रोलरचा व्यास दुप्पट केला तर एका उसाला ०.३७ पुरतो. मोठ्या चरकाची खरी ताकद ही, नुसती मोटर नव्हे.

इथपर्यंत शाळेतलं गणित, कूलोंनं १७८५ मध्ये मांडलेल्या घर्षणाच्या नियमावर चालणारं. पण ऊस दगड नाही, तो चेपतो. चेपला की टेकण्याची जागा पसरते, दाब बदलतो, दाब बदलला की घर्षण बदलतं, आणि त्यानं चेपणंही बदलतं. म्हणजे कुठं टेकलंय हेच आधी माहीत नसतं. उत्तर काढल्यावरच कळतं. इटलीच्या सिन्योरिनीनं १९३३ मध्ये असाच प्रश्न मांडला. त्याची अट साधी: प्रत्येक बिंदूपाशी एकतर फट असेल नाहीतर दाब, दोन्ही एकदम नाही. दिसायला सोपी, पण या ‘एकतर-नाहीतर’मुळे नेहमीची समीकरणं अडतात. आज काँप्युटर वस्तूचे हजारो तुकडे पाडून ती सोडवतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ऊस गाळपाची अशी मॉडेलं केलीत. साखर कारखान्यात रोलरवर वेल्डिंगचे खडबडीत ठिपके मारतात ते पकड वाढवायला, आणि खाचा असतात त्या पकडीबरोबर रसाला वाट द्यायला.

आता मुद्द्याचं. ऊस अडला की माणूस हातानं ढकलतो. बोटाची जाडी दीड सेंटीमीटर धरा आणि तेच सूत्र लावा: कोन १८ अंश, घर्षणांक फक्त ०.३३. दमट कातडीला एवढी पकड सहज मिळते. म्हणजे जो चरक उसाला नाकारतो, तोच बोट मात्र बिनबोभाट आत घेतो. बोट मऊ, त्यामुळं चेपून आणखी चिकटतं. म्हणून अडलेला ऊस मागून दुसऱ्या लांब उसानंच ढकला, आणि काढायचा असेल तर आधी मोटर बंद.