कोसुके किताजिमा : ब्रेस्टस्ट्रोक आणि नियमांची चौकट

ब्रेस्टस्ट्रोक हा जलतरणातील सर्वांत संथ आणि नियमांनी सर्वाधिक जखडलेला प्रकार होय. जपानचा कोसुके किताजिमा (जन्म १९८२) याच्या कारकिर्दीचा अभ्यास करताना ही बाब प्रकर्षाने जाणवते. सिडनी ऑलिंपिकमध्ये (२०००) १०० मीटर शर्यतीत तो चौथा आला. २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत २०० मीटर अंतर २ मिनिटे ०९.९७ सेकंदांत कापून त्याने माइक बॅरोमनचा दहा वर्षे अबाधित राहिलेला विश्वविक्रम मोडला.

अथेन्स येथे २००४ साली १०० मीटरमध्ये त्याने ब्रेंडन हॅन्सनला अवघ्या ०.१७ सेकंदाने मागे टाकले आणि वाद उद्भवला. त्याने पाण्याखाली डॉल्फिन किक मारली, असा आक्षेप अमेरिकेच्या आरॉन पिअरसॉलने जाहीरपणे घेतला. ती किक त्या वेळी निषिद्ध होती; परंतु पंच पाण्याबाहेरून पाहत आणि पाण्याखालील चित्रण निर्णयासाठी वापरले जात नसे. निकाल कायम राहिला. पुढे २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने प्रारंभी व प्रत्येक वळणानंतर एका डॉल्फिन किकची मुभा दिली. जे पंचांना निश्चितपणे दिसत नाही त्यावर बंदी ठेवणे निरर्थक होते, हे एका परीने मान्यच झाले.

नव्या नियमाखाली, बीजिंगमध्ये (२००८), किताजिमाने १०० व २०० मीटरची दोन्ही सुवर्णपदके राखली; १०० मीटरची वेळ होती ५८.९१ सेकंद, हा विश्वविक्रम. अर्थात, यामुळे अथेन्सचा प्रश्न निकालात निघतो असे नव्हे. लंडनमध्ये (२०१२) त्याला वैयक्तिक पदक मिळाले नाही, मेडले रिलेचे रौप्य मिळाले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी निवड न झाल्याने त्याने निवृत्ती पत्करली.