घाशीराम : सुडाची साखळी

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा रंगले. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांच्या भूमिकेत मोहन आगाशे.

नाटकाला गती मिळते ती अपमानातून. कनोजहून आलेल्या घाशीरामवर पुण्यात चोरीचा आळ येतो, त्याला मारून हाकलले जाते आणि तो सुडाची शपथ घेतो. त्यासाठी पोटची पोर गौरी नानांच्या हवाली करतो. बदल्यात कोतवाली. मग रात्रीची गस्त, परवाने, झडत्या, कबुलीसाठी छळ. गौरीच्या मृत्यूने खरे तर त्याने थांबायला हवे होते. पण नानांवर हात टाकता येत नाही म्हणून तो सगळा संताप शहरावर काढतो. माझ्या मते शोकांतिका इथे पक्की होते. सूड घेणारा आणि वापरला जाणारा माणूस एकच आहे, हे प्रेक्षकाला त्याच्या आधी कळते.

रक्तपात मात्र फारसा दाखवलेला नाही. ओळीने उभी राहिलेली ब्राह्मणांची भिंत, तिचे गाणे आणि डोलणे यांतूनच क्रौर्य उभे राहते. दशावतार, खेळे, कीर्तन या आपल्याच लोकरूपांचा हा वापर आजही अंगावर काटा आणतो.

नाटकात घाशीरामने कोंडलेले ब्राह्मण कोठडीत गुदमरून मरतात, ही काही लेखकाची कल्पना नव्हे. त्याच प्रकरणावरून १७९१ साली खऱ्या घाशीरामला पुण्यात जमावाने दगडांनी ठेचून मारले.