‘आहे’, ‘आहेस’ आणि स्पॅनिश क्रियापद

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ज्या साष्टी बेटावर आहेत, ते बेट 1580 ते 1640 अशी साठ वर्षं स्पेनच्या राजाच्या नावावर होतं. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगिजांकडे आली. पुढे पोर्तुगालच्या गादीला वारस उरला नाही, तेव्हा स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने तीही बळकावली. कारभार मात्र पोर्तुगीजच राहिला, त्यामुळे इथल्या कोळ्या-आगऱ्यांना राजा बदलल्याची खबरही लागली नसेल. स्पॅनिश कोणी शिकलं नाही. शिकले ते बाहेरून आलेले पाद्री, आणि तेही आपली भाषा. सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज मिशनऱ्याने ‘उत्तरेकडच्या कोंकणी’चं, म्हणजे या वसई-साष्टीच्या बाजूच्या बोलीचं, व्याकरण लिहून ठेवलं. कुन्या रिव्हारा यांनी ते 1858 मध्ये गोव्यात छापलं. पुस्तकावर लेखकाचं नाव नाही.

आता स्पॅनिश शिकण्याची पाळी आपली. कोणाला मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायचं असतं, कोणाला माद्रिदला एम.ए. करायचं असतं, तर कोणी नुसतीच ‘ला कासा दे पापेल’ ही मालिका बघून पेटलेलं असतं. पहिला आठवडा ‘ओला’ आणि ‘ग्रासियास’वर मजेत जातो. मग क्रियापद येतं आणि चेहरे पडतात. माझ्या मते यात क्रियापदाचा दोष थोडा आणि वाटेचा जास्त. आपण स्पॅनिश शिकतो इंग्रजीतून, आणि इंग्रजीच्या वर्तमानकाळात क्रियापद जवळजवळ हलतच नाही. तिथून पाहिलं की स्पॅनिशचे सहा प्रत्यय डोंगराएवढे दिसतात. मराठीतून पाहिलं तर चित्र वेगळं आहे.

नियम असा. स्पॅनिश क्रियापदाचं मूळ रूप आर, एर किंवा ईर यांनी संपतं. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, बिबीर म्हणजे राहणं. शेवटचा तुकडा काढायचा आणि उरलेल्या धातूला व्यक्तीप्रमाणे प्रत्यय लावायचा. आब्लो म्हणजे मी बोलतो, आब्लास म्हणजे तू बोलतोस, आब्ला म्हणजे तो किंवा ती बोलते. अनेकवचनात आब्लामोस म्हणजे आम्ही बोलतो, आब्लाइस म्हणजे तुम्ही बोलता आणि आब्लान म्हणजे ते बोलतात. कोमेरला ‘आ’च्या जागी ‘ए’ येतो: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. बिबीर त्याच्याच पावलावर पाऊल टाकतं, फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ला बिबीमोस, बिबीस असा ‘इ’ घेतं. नियमित वर्तमानकाळ एवढाच.

आता मराठीत असं चालणारं क्रियापद शोधू. ‘बोलणे’ उपयोगाचं नाही, कारण त्याला लिंग चिकटलेलं असतं: बोलतो, बोलते, बोलतं. ‘आहे’ घ्या. मी आहे, तू आहेस, तो आहे, आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत. बोलणारा पुरुष असो की बाई, रूप तेच. बदल होतो तो फक्त व्यक्ती आणि वचन यांप्रमाणे. स्पॅनिशमधली हजारो नियमित क्रियापदं आपल्या ‘आहे’च्या वळणाने चालतात, एवढं ध्यानात आलं की निम्मी धास्ती जाते. बाईने ‘आब्लो’ म्हणायचं की आणखी काही, हा प्रश्नच उरत नाही. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ असं बिनदिक्कत म्हणतात. त्यांना तर हे घरचंच वाटेल.

ज्यांनी शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत घेतलं होतं, त्यांच्यासाठी आणखी एक गंमत. वदसि, वदामः, वदन्ति यांच्याशेजारी आब्लास, आब्लामोस, आब्लान ठेवून बघा. ‘तू’चा स, ‘आम्ही’चा म, ‘ते’चा न. हा योगायोग नव्हे. लॅटिन आणि संस्कृत एकाच प्राचीन घरातून निघाल्या, आणि लॅटिनचे हे प्रत्यय स्पॅनिशमध्ये उतरले. जुन्या मराठीतल्या ‘करिसी’चा आणि आजच्या ‘करतोस’चा स त्याच वंशातला. दहावीनंतर रद्दीत गेलेलं लट् लकाराचं पाठांतर असं अनपेक्षित ठिकाणी कामी येतं.

प्रत्ययच माणूस सांगतो म्हटल्यावर सर्वनामाचं काम उरत नाही. ‘जेवलास का?’ असं विचारताना आपण ‘तू’ कुठे म्हणतो? ‘येतो हं’ म्हणून निघताना ‘मी’ कुठे असतो? स्पॅनिशमध्येही तेच. पण इंग्रजीच्या सवयीने शिकणारा प्रत्येक वाक्याआधी ‘यो’ लावतो, यो आब्लो, यो कोमो, यो बिबो, आणि ऐकणाऱ्याला हा माणूस सारखा मी-मी करतोय असं वाटतं. सर्वनाम जोर द्यायला ठेवावं.

काळाच्या वापरातही मराठी कान उपयोगी पडतो. ‘उद्या फोन करतो’ हे भविष्याबद्दलचं वाक्य आपण खुशाल वर्तमानकाळात बोलतो. स्पॅनिश माणूसही ‘मान्याना ते यामो’ म्हणतो आणि त्याचंही क्रियापद वर्तमानातच असतं. ‘दहा वर्षं मुलुंडला राहतो’ या वाक्यासाठी इंग्रजीला वेगळा काळ उभा करावा लागतो. स्पॅनिशमध्ये साधा ‘बिबो’ पुरतो: बिबो एन मुलुंड देस्दे आसे दिएस आन्योस. मनातल्या मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवणारा इथे हमखास अडखळतो.

अडचण आहे ती आदरार्थी बोलण्यात, पण तिथेही आपल्याकडे उत्तर आहे. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला तूच म्हणतात, मोठ्या माणसाला मात्र उस्तेद म्हणतात आणि क्रियापद ‘तो’चं लावतात: उस्तेद आब्ला. समोरच्याशी बोलताना तिऱ्हाइताचं रूप कशासाठी? कारण उस्तेद हे मुळात ‘आपली मेहेरबानी’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आलं. ‘साहेब चहा घेणार का?’ असं साहेबांनाच विचारणाऱ्या शिपायाला हे व्याकरण समजावून सांगावं लागणार नाही. अनेकांशी एकदम आदराने बोलायचं तर उस्तेदेस आणि ‘ते’चं रूप. लॅटिन अमेरिकेत तर मित्रांच्या घोळक्यालाही उस्तेदेसच म्हणतात, त्यामुळे मेक्सिकोशी बोलणाऱ्याने आब्लाइस, कोमेइस ही रूपं ओळखीपुरती ठेवली तरी चालतं. अर्जेंटिनाचा माणूस ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतो, आणि तिथला आघात रूपाच्या शेवटी जातो.

आघाताबद्दल मात्र सावध राहायला हवं, कारण मराठीत त्याने अर्थ बदलत नाही. आब्लो म्हणताना जोर ‘आ’वर असेल तर ‘मी बोलतो’. तोच जोर ‘ब्लो’वर गेला की ‘तो बोलला’. एका ठेक्यात माणूसही बदलला आणि काळही.

असे प्रत्यय उपनगरांत पूर्वी ऐकू येत होते का? पोर्तुगिजांचे फालो, फालास, फाला स्पॅनिशचे सख्खे भाऊ, आणि पोर्तुगीज अंमल इथे 1739 पर्यंत, चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत होता. त्याच्या मागे एक मिश्र बोली उरली. गोव्याचे विद्वान मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी 1906 साली तिच्यावर लिहिलं. तिच्या गावांच्या यादीत मरोळ, अंधेरी, वेसावे, गोराई आणि मनोरी आहेत. तेव्हा ती मातृभाषा असलेले सुमारे 5,000 लोक होते, त्यांतले 1,000 वांद्र्यात आणि 100 कुर्ल्यात. सुखवस्तू घरं तेव्हाच इंग्रजीकडे वळत होती. आज उपनगरांत ती बोली ऐकू येत नाही. तिची बहीण मात्र रायगडात, रेवदंड्यापलीकडच्या कोर्लई गावात आहे. तिथले लोक तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात.

जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996 च्या आपल्या पुस्तकात या कोर्लईच्या बोलीचा कसून अभ्यास मांडला आहे. मी, तू, तो, आम्ही सांगणारे प्रत्यय तिथे पार गळून गेले. पण आ, ए, इ हे क्रियापदांचे तीन गट, आपल्या आर, एर, ईरचे नातलग, शिल्लक राहिले. शिवाय गावकऱ्यांनी एक चौथा गट स्वतः तयार केला. मराठीतून उचललेलं क्रियापद असेल तर त्याच्या शेवटी उ.

बाहेरून आलेल्या क्रियापदाला घरात कुठे बसवायचं, हा प्रश्न प्रत्येक भाषेला पडतो. स्पॅनिश असे पाहुणे सरसकट आर गटात घालते. चॅट करणं तिथे ‘चातेआर’ झालं आणि मग चातेओ, चातेआस, चातेआ असं नियमाने चालू लागलं. आपण घाटकोपरला ‘चॅट करतो’ म्हणतो. चॅट आहे तसं राहतं आणि व्याकरणाचं ओझं बिचारं ‘करणे’ वाहतं. ‘चॅटतो’ म्हणायची हिंमत आपल्याला अजून झालेली नाही.