विश्लेषण : जुनी डिझेल जीप पेडल दाबताच का अडखळते? ‘पंप गेला’ म्हणण्याआधी काय तपासावे?

हिंगोली जिल्ह्यात हळदीची काढणी सुरू झाली की जुन्या डिझेल जीप आणि ट्रॅक्टरांना उसंत नसते. नेमकी याच दिवसांत एखादी जीप उभ्या जागी नीट चालते, पण पेडल दाबले की क्षणभर दम खाते, झटके देते आणि मग उचलते. ‘पंप गेला’ हा निकाल लगेच लागतो. पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला की गाडी ऐन हंगामात उभी आणि खर्च हजारांत. प्रत्यक्षात दोष अनेकदा तांब्याच्या एका वायसरमध्ये किंवा चोंदलेल्या फिल्टरमध्ये निघतो.

यांत्रिक इंजेक्शन म्हणजे काय?
या गाड्यांत संगणक किंवा सेन्सर नसतो. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो, ते फिल्टरमधून मुख्य पंपाकडे जाते आणि तिथून प्रचंड दाबाने नोजलमध्ये. बॉश कंपनीने असे पंप १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. भारतात ते ‘मायको’ या नावाने घरोघरी पोहोचले. पेट्रोल मोटारींत ही पद्धत कमी दिसली. १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल हे तिचे गाजलेले उदाहरण. आपल्याकडे मात्र जुनी जीप, डिझेल अँबेसेडर आणि ट्रॅक्टर यांनीच ती जगवली.

पेट्रोल गाडीत पेडल दाबले की हवेचे दार उघडते. बहुतेक डिझेल इंजिनांत असे दार नसते. पेडल पंपातल्या गव्हर्नरला निरोप देते आणि गव्हर्नर डिझेलचे माप वाढवतो.

रिकाम्यात ठीक, ओढताना का नाही?
आयडलवर इंजिनाला डिझेल थोडेच लागते. पुरवठा निम्मा तुंबला तरी ते भागते. पेडल दाबताच मागणी वाढते आणि तूट उघडी पडते.

दुसरे कारण हवा. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. पाइपात बुडबुडा आला की पंपाचा जोर तो दाबण्यातच जातो, नोजल उघडत नाही. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा असल्याने तिथल्या फटीतून चालू इंजिनात डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून पाइप वरून कोरडा दिसला, तरी तो घट्ट आहे असे समजू नये. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागत असेल, तर रात्रीतून डिझेल टाकीकडे परतत असल्याचा संशय घ्यावा.

धूर काय सांगतो?
• काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर आणि नोजल पाहावे.
• पांढरा धूर आणि मिसिंग : डिझेल नीट जळत नाही. पाणी, हवा किंवा टायमिंगचा दोष.
• निळा धूर : इंजिन ऑइल जळते आहे. दुखणे वेगळे.
• धूर नाही आणि ओढही नाही : डिझेल कमी पोहोचते आहे.

तपासणी कोणत्या क्रमाने?
१. पेडल पूर्ण दाबल्यावर पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का? केबल सैल असेल तर दोष तिथेच.
२. टाकीचे झाकण सैल करून चालवावे. फरक पडला तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे.
३. फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे. शेतावर कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलमधून पाणी आणि धूळ हमखास येते. फिल्टर जुना असेल तर बदलावा.
४. फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे पाहावेत.
५. स्वच्छ कॅन उंचावर ठेवून त्यातून थेट फीड पंपाला डिझेल द्यावे. गाडी सुधारली तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये आहे. मुख्य पंप सुटला.

हवा कशी काढायची?
फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हाताच्या प्रायमरने पंप मारावा. फेस थांबून सलग धार आली की प्रायमर मारतानाच स्क्रू आवळावा. मग पंपावरच्या स्क्रूलाही तेच. जोड उघडला की तांब्याचा वायसर नवा टाकावा. हवा काढूनही दोन दिवसांत पुन्हा भरली, तर फट अजून सापडलेली नाही.

पंपाकडे कधी जायचे?
वरचे सगळे ठीक असेल तर आधी नोजल तपासून घ्यावेत. नोजल थेंब गाळत असेल तर फवारा बिघडतो आणि पिकअप जातो. त्यानंतर टायमिंग, आणि शेवटी पंप. गव्हर्नरचे सील तोडून स्क्रू फिरवणे हा उपाय नव्हे. धूर वाढतो आणि इंजिन तापते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणेही महागात पडते, कारण रोटरी पंपाला वंगण डिझेलचेच मिळते.

धोका कुठे?
जुन्या इंजिनांत नोजल साधारण १०० ते २५० बार दाबाला उघडतो. मोटारीच्या टायरमध्ये हा दाब दोन-अडीच बार असतो. चालू इंजिनात गळती शोधायला बोट कधीही लावू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. डिझेलची धार कातडीत घुसली तर बाहेरून सुईएवढीच जखम दिसते, पण आत मांस सडू शकते. दुखत नसले तरी लगेच रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाचे डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे.

गॅरेजमध्ये जाताना तीन गोष्टी लिहून न्याव्यात : गाडी कधी अडखळते, धूर कोणता, फिल्टर कधी बदलला. मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो आणि पंप विनाकारण उतरत नाही.