आकाशातलं सोनं, पाताळातला हिरा

साखरपुड्याची अंगठी घ्यायला पेढीवर बसलं की बोलणं लगेच वजन, घडणावळ आणि भावावर येतं. पण समोरच्या अंगठीत एक वस्तू ताऱ्यांकडून आलेली असते आणि दुसरी पृथ्वीच्या पोटातून.

सोनं पृथ्वीवर तयार होत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून उठलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. टक्कर झाली होती सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर. तिचा उजेड तपासला तेव्हा सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा ठिकाणी घडतात याच्या खुणा सापडल्या. अशाच लहरी टिपण्यासाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया उभी राहत आहे.

खाणीतला हिरा घडतो जमिनीखाली साधारण १५० किलोमीटरवर किंवा त्याहून खोल. बहुतेक हिऱ्यांचं वय १०० कोटी वर्षांपेक्षा जास्त असतं. ज्वालामुखीच्या उद्रेकांनी ते झपाट्याने वर आणले. रेंगाळत आले असते तर त्यांचं ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं, झालं असतं.

सोन्याचा पिवळेपणाही थक्क करणारा आहे. त्याच्या अणूतले सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात. त्या वेगामुळे, आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या नियमांनुसार, अणूची सगळी रचनाच थोडी बदलते आणि सोनं निळा प्रकाश शोषून घेतं. उरलेला उजेड आपल्याला पिवळा दिसतो.

मात्र चोख सोनं मऊ असतं. म्हणून हिऱ्याच्या अंगठीला बहुधा १८ कॅरट सोनं वापरतात: ७५ टक्के सोनं, बाकी चांदी, तांबं वगैरे. वेगवेगळ्या आकाराचे अणू मिसळले की थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत, धातू कणखर होतो आणि हिरा धरणाऱ्या नख्या लवकर वाकत नाहीत. पाटल्या-बांगड्यांना शोभणारं २२ कॅरट इथे कमी पडू शकतं.

आता हिरा. वजन, रंग, स्वच्छता आणि कट या चार गोष्टी सराफ सांगतो. पहिल्या तीन बऱ्याचशा निसर्गाने ठरवलेल्या. कट मात्र माणसाच्या हातचा. हिऱ्यात शिरलेला प्रकाश आतल्या पैलूवर लंबाशी सुमारे २४ अंशांहून तिरका पडला, तर बाहेर निसटतच नाही, आरशासारखा मागे फिरतो. काचेत हाच कोन सुमारे ४२ अंश असतो, म्हणून तिच्यातून उजेड सहज गळतो. पण हिरा फार उथळ किंवा फार खोल कापला, तर त्याचाही उजेड तळातून गळतो. अँटवर्पच्या हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये गणिताने दाखवलं, की गोल हिऱ्याच्या तळाचा कोन साधारण पावणेएकेचाळीस अंश असावा. त्याची ही भूमिती आजही संदर्भ म्हणून वापरली जाते.

म्हणून पैसे मोजके असतील तर वजनात तडजोड करा, कटमध्ये नको. चांगल्या कटचा लहान हिरा वाईट कटच्या मोठ्या हिऱ्यापेक्षा जास्त झळकतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही कार्बनचाच, प्रकाश तसाच वळवणारा आणि बराच स्वस्त. फक्त हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला हे प्रमाणपत्रावर लिहिलेलं असावं. सोन्यासाठी अंगठीच्या आत बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, ७५० हा अंक आणि एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक शोधा. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो.

अंगठी घातल्यावर हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो, कारण त्याचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो आणि स्निग्ध पदार्थांना धरतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. ताऱ्यांनी आणि पृथ्वीने आपलं काम केव्हाच केलं आहे. कट पारखणं, नख्या तपासणं आणि हिरा स्वच्छ ठेवणं एवढंच आपल्या वाट्याला उरतं, आणि अंगठीची झळाळी त्यावरच ठरते.