शून्यवाला कुणाचा जोडीदार?

काल जेवताना भाचीने कोडं टाकलं आणि माझी आमटी गार झाली.

पार्टीत यजमानांसह ५ जोडपी. स्वतःच्या जोडीदाराशी कुणीच हस्तांदोलन केलं नाही, इतरांशीही फार तर एकदाच. यजमानाने बाकी ९ जणांना विचारलं, "किती जणांशी हात मिळवलेत?" नऊही उत्तरं वेगळी. मग यजमानीणबाईंचं उत्तर काय?

"माहिती अपुरी आहे," म्हणून मी आधी हात झटकले!

पण उत्तरं ० ते ८ च असणार. आठवाल्याने जोडीदार सोडून सगळ्यांशी हात मिळवले. म्हणजे शून्यवाला त्याचाच जोडीदार! हे दोघे बाजूला काढा, उरलेल्यांचं एकेक हस्तांदोलन वजा करा. पुन्हा तीच युक्ती. जोड्या लागतात ७-१, ६-२, ५-३.

बाईंचे उरले ४. गंमत म्हणजे यजमानाचेही ४!

६ जोडपी असती तर? अडलात तर बिनधास्त विचारा.