बीव्हरचा बांध आणि वऱ्हाडातला चतुर

पाणी अडवावे ते माणसानेच, असा आपला समज असतो. युरोप व उत्तर अमेरिकेतील बीव्हर हा प्राणी तो खोटा ठरवितो. दातांनी झाडे पाडून, फांद्या व चिखल रचून तो ओढ्यावर बांध घालतो. कातडीसाठी त्याची एवढी शिकार झाली की १९०० च्या सुमारास युरोप-आशियात जेमतेम बाराशे बीव्हर उरले. पुढे ठिकठिकाणी त्यांना पुन्हा आणून सोडण्यात आले. स्कॉटलंडमधील नॅपडेल येथे २००९ साली नॉर्वेहून आणलेले बीव्हर सोडले गेले.

या बांधाने पाणी थबकते, काठची झाडे पडल्याने ऊन येते आणि उथळ कडेला पाणवनस्पती वाढतात. चतुराला नेमके हेच हवे असते. आपण त्याला उडताना पाहतो खरे, पण त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपाने पाण्यात जातो. ही अळी घडीचा खालचा ओठ झटकन पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडते. पंख फुटण्याची वेळ आली की बहुधा एखाद्या देठावर चढून कात टाकते. चतुराची नाजूक बहीण टाचणी तर पाणवनस्पतीचा देठ चिरून त्यातच अंडी घालते. मात्र वाहत्या पाण्यातच वाढणाऱ्या जातींना बांधामागे जागा उरत नाही. म्हणून साचलेले पाणी आणि मोकळी धार शेजारी शेजारी असली, तरच जातींची विविधता वाढते.

वऱ्हाडात बीव्हर नाही. त्याचे काम येथे माणसाने केले. अमरावतीचे वडाळी व छत्री तलाव, अकोल्याजवळचा कापशी तलाव, आणि नाल्यानाल्यांवरचे मातीचे बांध ही त्याची उदाहरणे. पावसाळ्यात थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर भटका चतुर साध्या डबक्यातही दीड-दोन महिन्यांत वाढतो. तो पुढे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातो, असे अभ्यासक मानतात. त्याचे कुठेही भागते. टाचणीचे तसे नाही. तिला देठ हवा.

आणि देठच आपण काढून टाकीत आहो, असे मला वाटते. शेततळ्याला प्लास्टिक अंथरले म्हणजे पाणी टिकते. दुष्काळ सोसलेल्या शेतकऱ्याला त्याबद्दल बोल लावणे अन्यायाचे होईल. परंतु गावतलावाचा सगळाच काठ दगडांनी बांधून काढण्याची गरज काय? एक बाजू उतरती, चिखलाची, गवताची राहू द्यावी. बीव्हर बांध घालतो, पण काठ घासूनपुसून ठेवीत नाही. पाणी अडविण्याची विद्या आपल्याला साधली आहे; आता त्याच्याकडून एवढे शिकलो तरी पुष्कळ झाले.